लोगोनंतरची संध्याकाळ

प्रमाणित करण्यात येते की, श्री. इंद्रजीत मधुकर टिपणीस, वय वर्षे एकेचाळीस, राहणार जुने पनवेल, हे ‘दृश्यभान स्टुडिओ’ या संस्थेचे संस्थापक, कला-दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार व तक्रार निवारण अधिकारी असून, अद्याप अस्तित्वात न आलेल्या इमारतींचे त्या अस्तित्वात असल्याप्रमाणे चलच्चित्रण करणे हा त्यांचा व्यवसाय आहे. संस्थेचा संपूर्ण कर्मचारीवर्ग वरील वाक्यात नमूद झाला आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर, बिल्डरच्या जागेवर नुसतं गवत आणि दोन बाभळी असतात तेव्हा तिथे टॉवर कसा दिसेल, याची छोटी फिल्म इंद्रजीत कॉम्प्युटरवर करून देतो. धंद्यात तिला वॉकथ्रू म्हणतात. ती बघून लोक फ्लॅट बुक करतात आणि मग पुढची काही वर्षं गवताकडे बघतात.

खोटं दाखवायला इंद्रजीतची कधीच हरकत नव्हती. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे तोंड करून असलेल्या बाल्कनीतून त्याने कर्नाळ्याचा सुळका दाखवला होता, आणि चांगला दाखवला होता. त्याची हरकत होती ती भडकपणाला. गिऱ्हाइकांना आकाश हवं ते धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीतलं. लॉन पोपटी. लॉनवर सोनेरी केसांच्या बाया कुत्री घेऊन धावायला हव्यात. ही माणसं कॉम्प्युटरसाठी आयती तयार मिळतात, त्यामुळे सगळीकडे तीच असतात. खारघरला धावलेली बाई कामोठ्यातही धावली, तळोज्यातही धावली. इंद्रजीतला ती आता लांबच्या नात्यातली वाटू लागली होती.

त्याला स्वतःला आवडायची ती दिवेलागणीची वेळ. सूर्य गेलेला, दिवे नुकते लागलेले, कॅमेरा एका जागी गप्प उभा. असा एक शॉट तो प्रत्येक फिल्ममध्ये घाली आणि प्रत्येक गिऱ्हाईक तो कापायला लावी.

“तुझ्या शॉटमध्ये काही होत का नाही रे?” असं त्याच्या बायकोने, प्राजक्ताने, एकदा विचारलं होतं.

“संध्याकाळ होते.”

“ती बाहेर फुकट होते.”

एकदा, निदान एकदा, आपल्या मनाचा शॉट चार लोकांनी बसून बघावा, एवढंच त्याला हवं होतं.

अशात बाळूशेठ भोईरांचं काम आलं. शेठच्या वडिलांनी मिठागरात मीठ ओढलं. शेठ आता त्याच बाजूला बावीस मजले उभे करणार होते. उजेड कसा पडतो ते बघायला इंद्रजीत जागेवर गेला, तर प्लॉटच्या मधोमध शेठची थोरली बहीण, शकूबाय, सुकट वाळत घालून कावळे हाकत बसलेली. इंद्रजीतला काय वाटलं कोण जाणे. त्याने मोबाइलवर तिचे चारी बाजूंनी फोटो काढले, घरी येऊन तिची हुबेहूब आकृती केली आणि आपल्या संध्याकाळच्या शॉटमध्ये बावीस मजल्यांच्या गेटपाशी तिला सुकटीसकट बसवलं.

शेठनी लॅपटॉपवर फिल्म बघितली. लॉन पास झालं, कुत्रं पास झालं. मग संध्याकाळ आली.

“ह्यो हालत कसा नाय? फोटो हाय का?”

“शांतता आहे शेठ. वातावरण.”

“आन ही आमची शकूबाय ना? आरं, लाखो रुपये भरून मानूस सुकटीचा वास घ्यायला येल का? काप.”

इंद्रजीतने मान डोलावली. पण कापायला हात धजेना. शेवटी त्याने तो शॉट उचलून फिल्मच्या अगदी शेवटी, कंपनीच्या लोगोनंतर नेऊन ठेवला. लोगो दिसला की माणसं उठतात, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. शॉट राहील आणि कोणाला दिसणारही नाही. कलेच्या इतिहासात यापेक्षा वाईट तडजोडी झालेल्या आहेत.

शेठनी फिल्म दाखवायचं ठरवलं ते मुलाच्या हळदीला. आगरी घरातली हळद म्हणजे सगळा गाव आलाच; शिवाय डीजे, शिवाय भिंतीएवढा पडदा. फिल्म लागली. सोनेरी बाई धावली. गावाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. लोगो आला. पण मटण शिजायचं होतं, त्यामुळे कोणी उठलं नाही.

पडद्यावर संध्याकाळ झाली. इंद्रजीत खांबाच्या आड सरकला.

“आरं, ही तं शकूबाय!”

मग जी शिट्टी पडली ती थांबेचना. बायका खुर्च्यांवर चढल्या. डीजेवाल्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. पुढच्या रांगेत बसलेल्या शकूबायने मान वळवून खांबाकडे बघितलं.

“काय रं, घरच्या लुगड्यावर काढलास मना? सांगितला असतास तं नथ घातली असती!”

बाळूशेठनी गर्दीचा रंग ओळखला आणि शेजारच्या व्याह्यांना म्हणाले, “मीच बोललो त्याला, ह्यो शॉट ठेवच.”

दुसऱ्या दिवशी शेठ स्टुडिओत आले ते शकूबायला, दोन मामांना आणि मेव्हण्याला घेऊन. घरचे बाकीचे जिन्यात उभे होते. सोनेरी बाई काढायची होती, कुत्रं काढायचं होतं, आणि गेटपाशी घरची सगळी माणसं मानाप्रमाणे उभी करायची होती. थोरला मामा गेटच्या उजवीकडे की डावीकडे, यावर चहा गार झाला.

“आन कॅमेरा अजिबात हालवू नको,” शेठ म्हणाले. “सगळी दिसली पायजेत.”

“शेठ, गर्दी झाली तर शांतता कुठे राहील?”

“शांतता ठेव ना. त्यांना बोलायला नाय लावत आपण. फक्त उजेड वाढव. अंगावरचं सोनं दिसनार नाय.”

इथे मात्र इंद्रजीत अडून बसला. माणसं हवी तेवढी घ्या, म्हणाला, पण उजेड हाच. नाहीतर दुसरा माणूस बघा. हे वाक्य त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं, त्यामुळे शेवटी आवाज थोडा चिरकला. शेठ काही बोलणार तोच शकूबाय पडद्याला नाक लावून स्वतःला न्याहाळत म्हणाली, “बाळू, गप ऱ्हा. ह्या टायमाला मानूस बरा दिसतंय. दहा वरसं कमी वाटतान.”

दोन्ही मामांनी वाकून पाहिलं आणि त्यांनाही तसंच वाटलं. उजेड कायम झाला.

तक्रार एकट्या मेव्हण्याची राहिली. त्याला दिवेलागणीला गॉगल हवा होता.

इंद्रजीत सध्या त्याला गॉगल घालतो आहे.