उखाभाऊंचं पार्सल बोटीवर

उखाभाऊ सोनवणे सुरतच्या साडी मार्केटमध्ये एका शेठकडं पार्सल बांधतात. साड्यांचा ढीग मशीनखाली ठेवायचा, वरून लोखंडी पाट उतरवायचा, ढीग दबून अर्धा झाला की पट्ट्या आवळायच्या आणि वर पोतं शिवायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे जगाबद्दल त्यांचं एक ठाम मत झालं आहे. मोठी अशी वस्तूच नसते, ती फक्त अजून दाबलेली नसते. एका दिवाळीला त्यांनी चिवडाही दाबून डब्यात भरला होता. डब्यात तो पूर्ण मावला. बाहेर आल्यावर त्याला चिवडा म्हणणं मात्र अवघड गेलं.

शेठच्या पेढीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा शेठनी जुन्या माणसांना जोडीनं बोटीच्या सहलीला न्यायचं ठरवलं. मुंबईहून गोवा, गोव्याहून मुंबई. मध्ये समुद्र आणि जेवण. अट एकच होती. सुरतहून निघणारी बस लहान आहे, तेव्हा एका जोडप्याला एकच बॅग, आणि तीही खांद्याला लावता येईल एवढी.

ही अट उखाभाऊंना अट वाटली नाही, आपल्या कामाची पावती वाटली.

त्यांच्या बायकोला, चंचलबाईंना, बोटीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना गोव्याच्या रात्रीच्या मोठ्या जेवणाचं होतं. सुरतच्या उधना भागातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून त्या साड्यांवर खडे चिकटवतात. जॉब वर्क. त्यांच्या हातच्या साड्या कुठल्या कुठल्या लग्नांत मिरवून आल्या असतील. त्या स्वतः कधी त्यातली एकही नेसल्या नव्हत्या. यंदा त्यांनी एक विकत घेऊन ठेवली होती. गर्द जांभळी, पदरावर खड्यांच्या कोयऱ्या. ती त्या जेवणाला नेसायची, एवढीच त्यांची सहल होती.

मुलगी स्नेहा कॉलेजात जाते. तिनं मोबाईलवर पाहून शास्त्र सांगितलं. "पप्पा, तीन जोडी कपडे बस. रोल करून भरायचे. रोज रात्री धुवायचे ने सुकवायचे, एटलुं ज, एवढंच. इस्त्री नका घेऊ, बोटीवर चालत नाही."

"गोल करतात ती पोळी," उखाभाऊ म्हणाले. "कपडा सपाट. तो सपाटच दाबायचा."

"तिकडे पार्सल नाही पाठवायचं आपल्याला."

"पार्सलच जातंय. सोबत आपण जातोय."

रविवारी गोडाऊन रिकामं असताना त्यांनी दोघांचे सगळे कपडे, दोन चादरी, स्वेटर आणि एक उशी मशीनखाली घातली. जांभळी साडी सगळ्यांत खाली, वेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे सुरक्षित. पाट उतरला, पट्ट्या बसल्या, आणि तो ठोकळा शाळकरी पोरांच्या दप्तराएवढ्या बॅगेत गेला. लहान असणं आणि हलकं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना मुंबईच्या बंदरावर बॅग उचलताना कळलं. तिथल्या तपासणीच्या पडद्यावर बाकीच्यांच्या बॅगांत चपला, कंगवे, डबे दिसत होते. यांच्या बॅगेत काळा ठोकळा दिसत होता.

"यात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कपडे."

"कोणते?"

"सगळे," उखाभाऊ म्हणाले.

बोटीवरच्या खोलीत गेल्यावर वरच्या पट्ट्या कापल्या, आणि कपडे पावासारखे फुगत पलंगावर आले. उशी आली तेव्हा उखाभाऊंना उभं राहायला जागा उरली नाही. खालच्या थराच्या पट्ट्या त्यांनी तशाच ठेवल्या. साडी शेवटपर्यंत दबलेलीच बरी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पट्ट्या कापल्या त्या गोव्याला, जेवणाच्या दिवशी सकाळी. सुरतची साडी मळली तरी चुरगळत नाही, अशी शेठच्या दुकानाची हमी आहे. पण ती हमी बाईनं नेसण्याबद्दल आहे, लोखंडी पाटाबद्दल नाही. पदरावर एक आडवी, एक उभी अशा घड्या उमटल्या होत्या, खिडकीच्या गजांसारख्या.

चंचलबाईंनी पदर तळहातानं चोळून पाहिला. मग गावाकडच्या अहिराणीत म्हणाल्या, "काय करं हाई तुम्ही?"

"घडी निघी जाई," उखाभाऊ म्हणाले. आवाजात पार्सल बांधणाऱ्याचा जोर नव्हता.

कपाटात धुलाई-इस्त्रीची पिशवी होती. तिच्यावर लिहिलं होतं, आज द्या, उद्या मिळेल. जेवण आज होतं. चंचलबाईंनी स्नेहाला फोन लावला.

"मम्मी, बाथरूममध्ये लटकव," स्नेहा म्हणाली. "गरम पाणी सोड, दरवाजा बंद. वाफेने क्रीज जाते. पप्पांना हात नको लावू देऊ."

बाथरूममध्ये भिंतीतून ओढून काढायची एक बारीक दोरी होती. ती मोकळी नव्हती. अंगावरून उतरलेला कपडा पारोसा ठेवायचा नाही, हा चंचलबाईंचा नियम समुद्रावरही चालू होता. सकाळच्या चहाआधीच त्यांनी उखाभाऊंचा एकुलता पांढरा शर्ट धुऊन दोरीवर घातला होता. त्याच्यावरच त्यांनी साडी टाकली. घरी टाकतात तशी, खडे आतल्या बाजूला, म्हणजे कुणाचा धक्का लागत नाही. गरम पाणी सोडलं, दार लावलं, आत वाफ कोंडल्यावर पाणी बंद केलं आणि दोघं वर दुपारचं जेवायला गेले.

येऊन पाहिलं तर स्नेहाचं शास्त्र खरं निघालं होतं. एक घडी उरली नव्हती. चंचलबाईंनी साडी उचलली, तेव्हा मधल्या कोयऱ्याही उरल्या नव्हत्या. वाफेनं डिंक सुटला होता, वजनानं दबला होता आणि पाणी बंद केल्यावर पुन्हा धरला होता. कोयऱ्या उखाभाऊंच्या शर्टावर होत्या, गळ्यापासून पोटापर्यंत, चमकत.

चंचलबाईंनी एक खडा नखानं उपटून पाहिला. शर्टाचा दोरा सुटून आला, खडा सुटला नाही.

"पक्कं शे," त्या म्हणाल्या. कुठल्या सुरात, ते उखाभाऊंना ठरवता आलं नाही.

संध्याकाळी त्या साडी नेसून पलंगाच्या कडेला बसल्या. पदराच्या मधोमध टक्कल पडलं होतं.

"चला," उखाभाऊ म्हणाले. अंगात त्यांचा रोजचा निळा शर्ट होता.

"तो पांढरा घाला."

"मार्केटचे सगळे लोक आहेत तिथं. कोयऱ्या घालून जाऊ?"

"मन्ह्या कोयऱ्या शेतस त्या. एक रात मिरवायच्या होत्या माले. नही घालत त जा एकटा."

उखाभाऊंनी बायकोकडं पाहिलं. मग निळा शर्ट काढला.

डाव्या हाताला चंचलबाई आणि पदर उखाभाऊंच्या छातीला लागून, असं उभं राहिलं की नक्षी जवळजवळ पुरी व्हायची. त्यामुळे दोघं रात्रभर तसेच वावरले. उखाभाऊंना पापड हवा होता आणि चंचलबाईंना गुलाबजाम, म्हणून दोघं जोडीनं आधी पापडापर्यंत गेले, मग जोडीनं गुलाबजामपर्यंत. मार्केटमधली माणसं आधी हसली आणि नंतर फोटो काढायला आली.

शेवटी शेठ आले. शेठ मालाकडं आधी बघतात, माणसाकडं नंतर. त्यांनी पदर दोन बोटांत धरला, उजेडाकडं केला.

"ये काम किसने किया?"

इतक्या वर्षांत चंचलबाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. तयार माल शेठकडं जातो तेव्हा त्यावर गठ्ठ्याचा नंबर असतो. त्यांनी पदर नीट केला.

"साडी का मैंने किया, शेठ," त्या म्हणाल्या. "शर्ट का इन्होंने."

शेठनी शर्टही दोन बोटांत धरून पाहिला. खड्यांवरून अंगठा फिरवला.

"साडी का फिनिशिंग अच्छा है," ते म्हणाले. "शर्ट का लाइन टेढ़ा है."

"पहला पीस है, शेठ," उखाभाऊ म्हणाले.