तळाचा तपकिरी गाळ आणि दोन थपडा

आयुष्यात मी एकाच माणसाच्या थोबाडीत मारली, आणि तीही चुकीच्या माणसाच्या. तेव्हा मी नाशिकच्या एका कॉलेजात नवी प्राध्यापिका होते. पीएच.डी. अर्धी, अक्कल त्याहून कमी, राग मात्र पूर्ण.

विषय होता समुद्रातले डायनोफ्लॅजेलेट्स. एका पेशीचे, चिलखत घातलेले जीव. एकाचे दोन व्हायचे तर स्वतःचंच चिलखत तिरकं फाडायचं आणि अर्धं अर्धं घेऊन वेगळं व्हायचं. कोकणातून समुद्राच्या पाण्याचे कॅन घेऊन मी एसटीने नाशिकच्या द्वारका चौकात उतरायची, कंडक्टरशी भांडतच.

मला त्यांचं मीलन पाहायचं होतं. म्हणून तीन फ्लास्कमधलं नायट्रेट, म्हणजे त्यांचं खत, तोडून त्यांना उपाशी ठेवलं. भुकेने ते एकमेकांवर धडकले, एकमेकांत घुसले, दोघांचा एक झाला. मी खूश! आठवड्याने पाहते तर पाण्यात हालचाल नाही, तळाला नुसता तपकिरी गाळ. शेजारी लॅबच्या मावशी भांडी घासत होत्या. झालं! साबण गेला असणार फ्लास्कमध्ये!

"माझी दोन वर्षं मारलीत तुम्ही!" मी एक फ्लास्क भिंतीवर फोडला, दुसरा फरशीवर, आणि मावशींच्या कानाखाली वाजवली.

"मॅडम, म्या हात नाय लावला त्याला," त्या म्हणाल्या.

ऐकते कोण? त्यांना काढून टाका, असा अर्ज मी प्राचार्यांना दिला. चौकशी होईपर्यंत मावशी घरी बसल्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

चार महिन्यांनी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला तिसरा फ्लास्क सापडला. वर चिकटपट्टी, मावशींचं अक्षर: 'मॅडमचं. टाकू नये.' मी तो खिडकीत, उजेडात ठेवला. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाळाचे कण आतून फुटू लागले. जाड भिंत फोडून एकेक जीव बाहेर पडत होता. मेले नव्हतेच ते, कोषात दडी मारून बसले होते. गाळाचा थेंब काचेवर घ्यायला दोन मिनिटं लागली असती. पण विदुषीला हात उगारायची घाई!

अर्ज मागे घेतला, चूक माझी असं लिहून दिलं आणि मावशींचं घर गाठलं. त्यांनी दारातच सगळं ऐकून घेतलं. मग अशी लगावली की माझा चष्मा गटारात.

"उचला तो," त्या म्हणाल्या. "सोमवारी येते कामाला. अन् त्या बाटलीला आता तुम्ही हात लावायचा नाय."