सिस्टरच्या आठ स्प्रिंगा: दिंडोरी, अंबड आणि इगतपुरीचा फाटकापर्यंतचा प्रवास

हल्ली दिंडोरीला लोक वाइन चाखायला जातात, हातात ग्लास धरून फोटो काढतात आणि त्याला प्रवास म्हणतात. म्हणोत. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच रस्त्याने गेले होते ते गाडीच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा शोधायला. तुम्हाला त्या वाटेने जायचे असेल तर रस्ता आता उत्तम आहे. तेव्हा एसटीच्या मागच्या बाकावर बसलेला माणूस दिंडोरीला उतरेपर्यंत अर्धा प्रवास हवेत करत असे.

निघावे लागले ते माझ्या मोठ्या भावामुळे. इगतपुरीच्या घराच्या अंगणात बाबांची जुनी विलायती मोटार उभी असे. काळे अंग, वर पांढरे छत. देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवणाऱ्या नन अशाच दिसत आणि सकाळी अशाच खोकत, म्हणून मी शाळेत असतानाच तिचे नाव सिस्टर ठेवले. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. दर दसऱ्याला ते सिस्टरला झेंडूची माळ घालून गावातून फेरी मारत. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हापासून मी चालवायची आणि ते शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकायचे.

त्या वर्षी तो आवाजच बिघडला. इंजिनाच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर एक स्प्रिंग असते, ती व्हॉल्व्ह परत मिटवते. आमच्या आठांपैकी एक तुटली होती, बाकीच्या थकल्या होत्या. विलायतेत त्या बनायच्या कधीच बंद झालेल्या. मुंबईच्या दुकानदारांनी हात वर केले.

दादाने निकाल दिला. घर त्याच्या नावावर होते, म्हणून अंगणही त्याचेच. "दसऱ्याला ती स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर आली तर राहील. नाहीतर मी भंगारवाल्याला बरोबर घेऊनच येतो."

बाबा बॉनेटवरून हात फिरवत राहिले. मी म्हटले, "स्प्रिंगा मी आणते."

"तू?" दादा हसला. "तुला स्प्रिंग आणि सेफ्टी पिन यातला फरक तरी कळतो का?"

नाशिकच्या टेलिफोन ऑफिसात माझ्या हाताखाली खोलीभर माणसे काम करत होती. मी तुटकी स्प्रिंग रुमालात बांधली आणि रजा टाकली.

अष्टमीच्या सकाळी नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावरून दिंडोरीची गाडी धरली. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने सांगितले होते की तिथल्या एका बागाईतदाराने असेच इंजिन विहिरीवरच्या पंपाला जोडले आहे. बातमी खरी निघाली. दौलतरावांच्या बागेत द्राक्षांची छाटणी चालू होती आणि बांधावर पत्र्याच्या छपराखाली सिस्टरची सख्खी बहीण धडधडत पाणी उपसत होती. मला तिचा आवाज ऐकून भरून आले, हे कबूल करते.

"ताई, हे नाय देता येणार," मी तोंड उघडण्याआधीच दौलतराव म्हणाले. "छाटणी झाली की फवारणी, फवारणी म्हंजे पाणी. लाइटीचा भरवसा हाय का?"

"नुसत्या स्प्रिंगा?"

"म्हंजे काळीज काढून घ्या आन् माणूस राहू द्या." छाटणी करणाऱ्या बायका हसल्या. मग तेच म्हणाले, "पण या काय विलायती नाय. आमच्या तुटल्या व्हत्या. अंबडला जाधव म्हणून हाय, त्यानं करून दिल्या. लय तापट माणूस हाय, पण तुमचं जमंल."

हे शेवटचे वाक्य कौतुक होते की नाही, याचा मी अजून विचार करते. त्यांच्या घरचे पिठले, बाजरीची भाकरी आणि ठेचा मात्र निःसंशय कौतुकास्पद. दिंडोरीला गेलात तर हॉटेलात जेवू नका, ओळख काढा.

दुसऱ्या दिवशी अंबड. औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती, रस्त्यापेक्षा धूळ जास्त. बसमधून उतरले आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटले. एवढे कारखाने आणि यंत्राचा आवाज नाही. पहिल्या शेडमध्ये डोकावले तर लेथवर हळदकुंकू, पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, कानशी, त्यांवर झेंडू आणि समोर पेढे. मालक प्रेमाने म्हणाला, "प्रसाद घ्या. काम परवा."

खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पूजेतल्या हत्याराला कोणी हात लावत नाही. नाशिकमध्ये जन्मलेल्या बाईने कारखान्यात काम करून घ्यायला वर्षातला नेमका हाच दिवस निवडावा? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सगळ्या संतांचे दिवस तोंडपाठ करून घेतले होते, खंडेनवमी कोणी विचारली नव्हती. जाधवांना शोधत शेडमागून शेड पाहत गेले. पर्समध्ये पेढे साठत गेले आणि माझा पारा चढत गेला.

वसाहतीच्या टोकाला मात्र एक लेथ फिरत होता. पाटी वाचली, जाधव.

"तुमच्याकडे पूजा नाही?" मी विचारले.

"आम्ही बौद्ध आहोत," मान वर न करता उत्तर आले. "आमच्याकडे काम असतं. पण तुमचं होणार नाही. संध्याकाळच्या गाडीने नागपूरला चाललोय, दीक्षाभूमीवर. दसरा झाला की या."

"दसरा झाल्यावर माझी गाडी भंगारात असेल."

"मग माझ्यावर कशाला ओरडता?"

"मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे."

शेडला लागूनच त्यांची खोली होती. दारात त्यांची बायको शांताबाई परातीत कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, बाई सकाळपासून फिरतेय, तोंड बघा. मला या पोळ्या आवरायला तुमचा हात लागणार होता, म्हणून वेळ नाही ना? त्यांना येत असतील तर तुम्ही व्हा मोकळे."

जाधवांनी माझ्याकडे पाहिले. "येतात?"

"येतात," मी म्हटले. ते पूर्ण खरे नव्हते.

असा आमचा करार झाला. ते तारेची गुंडाळी रॉडवर चढवत होते आणि मी प्रवासाच्या पोळ्या लाटत होते. शांताबाईंनी माझी पहिली पोळी उचलून उजेडात धरली. "हा कुठला जिल्हा म्हणायचा?"

"जिल्हा काही असो, पोटात गेल्यावर सगळे एकच," मी म्हटले. मग आमचे जमले. जाधवांनी टोके घासून सपाट केली, स्प्रिंगा भट्टीत तापवल्या आणि गार झाल्यावर काचेवर ओळीने उभ्या केल्या. आठही एका उंचीच्या. माझ्या पोळ्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही.

आम्ही नाशिकरोड स्टेशनवर बरोबरच गेलो. दोघे पांढऱ्या कपड्यांत नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले, मी पलीकडच्या फलाटावर इगतपुरीच्या पॅसेंजरसाठी. शांताबाईंनी पोळ्यांचा डबा उंचावून दाखवला, मी स्प्रिंगांची पुडी.

इगतपुरी स्टेशनवर बटाटावडा खाऊन घरी पोहोचले तर ओसरीवर पाटावर बाबांचे सगळे पाने मांडलेले, कुंकू लावलेले. पुन्हा तेच. आणि आमच्या घरची रीत अशी की दसऱ्याच्या सकाळी पूजेतले पहिले हत्यार घरच्या मोठ्या मुलाने उचलायचे, तोवर कोणी शिवायचे नाही. मोठा मुलगा दुपारी येणार होता, भंगारवाल्यासह.

सकाळी बाबांनी आंघोळ केली, फुले बाजूला केली आणि चाचपत चाचपत त्यांचा लाडका पाना शोधला. कपाळाला लावला.

"दादा येईपर्यंत थांबायचं ना?" मी विचारले.

"ज्याला काम आहे त्याने थांबायचं नसतं," ते म्हणाले आणि पाना माझ्या हातात दिला. माझ्या तळव्याला कुंकू लागले.

काम नाजूक असते. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडू शकतो, म्हणून प्लगच्या भोकातून आत सुती दोरी भरायची आणि पिस्टन वर आणून तिने व्हॉल्व्ह दाबून धरायचा. ही युक्ती बाबांचीच. दोरी मात्र घरात कुठे मिळेना. मग मी माझ्या परकरांच्या नाड्या काढल्या आणि एकीला एक गाठवल्या. बाबा खुर्चीत बसून कानाने देखरेख करत होते. "आता स्प्रिंग दाब. तिचा लॉक बसला, टिक वाजलं. पुढची." आठव्यांदा टिक वाजले तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली.

दादा आत आला. मागे भंगारवाला. मी त्यांच्याकडे लक्ष न देता किल्ली फिरवली. सिस्टर दोनदा खोकली आणि मग एकसारखी बोलू लागली. बाबांनी डोळे मिटले. मी त्यांना शेजारी बसवले, बॉनेटवर माळ टाकली आणि गाडी फाटकाबाहेर काढली. भंगारवाल्याने बाजूला होऊन चक्क नमस्कार केला. दादा उंबऱ्यावर उभा होता, त्याच्या हातात अंगणातून उचललेली परकराची नाडी होती आणि ती कशाची आहे हे त्याला कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरलाच घेऊन नाशिकला परतले. बाबा आता नाहीत, पण ती तेव्हापासून माझ्याकडेच असते, त्याच आठ स्प्रिंगांवर. विलायती माल यापेक्षा कमी टिकला होता, हे मी प्रत्येकाला सांगते. शांताबाई दर वर्षी नागपूरहून परतल्या की डोकावतात आणि माझ्या पोळ्यांची प्रगती तपासतात. प्रगती नाही.

दादा आता काठी घेऊन चालतो आणि दसऱ्याला माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी पाटासमोर वाकून त्याने विचारले, "उचलू का गं एखादा पाना?"

"थांब," मी म्हटले. माझा पाना उचलला, कपाळाला लावला आणि मग सांगितले, "आता उचल."