अक्काला बोलावणं

अक्का गेल्याची बातमी मला धारच्या बाजारात एका कापडवाल्याकडून कळली, आणि तीही इतर दोघांच्या मागून. हा मनुष्य देवासचा, गाठोडं घेऊन आमच्याकडे नेहमी येणारा. "भिया, देवास का हाल मत पूछो," म्हणत त्याने आधी ओळखीच्या एका वैद्यांचं नाव घेतलं, मग चौकातल्या हलवायाचं, आणि मग पागोटं सारखं करत म्हणाला, "और तुम्हारी अक्काबाई भी गई." यंदाच्या आश्विनात मानमोडीच्या तापाने घरंच्या घरं आडवी केली, हे वाचकांना मी सांगायला नको. त्या दिवसांत गेलेल्यांची नावं भाजीच्या भावासारखी सांगितली जात होती. मला त्याचा राग आला नाही. माझी पत्नी त्याच तापाने अंथरुणाला खिळली होती, त्यामुळे देवासला निघणंही शक्य नव्हतं. मी थोडी खडीसाखर घेतली आणि घरी आलो.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, सगुणा. लहान वयात तिचं लग्न सरदारपूरच्या एका घरात झालं आणि पाठोपाठ तिला देवी आल्या. ती वाचली, पण चेहऱ्यावर वणांची जाळी राहिली. सासरचे एकदा बघून गेले आणि न्यायला मात्र कोणी आलं नाही. पुढे नवऱ्याने दुसरा संसार थाटला. अक्का कुंकू लावत असे, मंगळसूत्र घालत असे, पण सवाष्ण म्हणून तिला कुणी धरलं नाही. आमचे वडील देवासच्या थोरल्या पातीच्या राजाकडे चाकरीला होते. ते गेल्यावर त्याच आळीत एक खोली घेऊन ती एकटीच राहू लागली. मी धारला नोकरीला लागल्यावर तिला घेऊन आलो होतो, पण महिनाभरातच तिने बोचकं बांधलं. "इथं मला बोलावणारं कुणी नाही रे, नाना," एवढंच म्हणाली.

ते बोलावणं काय होतं, ते सांगायला हवं. आमच्याकडे ज्या घरात मुलाला देवी येत, त्या घराच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, फोडणी बंद होत असे आणि बाहेरचं माणूस आत जात नसे. जायचं ते फक्त देवी येऊन गेलेल्या माणसाने, कारण त्याला पुन्हा भीती नाही. असं घर दिसलं की अक्काला हाक येई. ती आत जाऊन मुलाजवळ बसत असे, डहाळीने वारा घालत असे, अंग खाजवू नये म्हणून मुलाचे हात धरून गोष्टी सांगत असे. देवासात दोन राजे, दोन पात्या, रस्त्याच्या या बाजूला एकाचा हुकूम आणि त्या बाजूला दुसऱ्याचा. अक्का म्हणे, "माझ्या तोंडावर शिक्का मारलाय, मला दोन्ही नाक्यांवर कुणी अडवत नाही." स्वतःची चेष्टा तिला फार छान जमायची. मला मात्र ती ऐकवत नसे. कारण मूल बरं होऊन न्हालं की तिला उंबऱ्याशीच खण-नारळ देत आणि दार लावून घेत. पुढे त्याच मुलाची मुंज निघाली, लग्न निघालं, तरी तिला निरोप नसायचा. तिचा चेहरा दिसला की आजारपण आठवतं, असं बायका म्हणत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोरच्या घरातून डाळ-पन्ह्याचा वास येई आणि अक्का आपल्या खोलीत वाती वळत बसे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय… आणि अजून मला त्या घरांबद्दल चांगलं बोलता येत नाही.

मग दरबारचे देवी टोचणारे गल्लोगल्ली फिरू लागले. लोक मुलं लपवीत, माळ्यावर चढवून ठेवीत. त्यांना समजावून खाली आणण्याचं काम अक्कानेच अंगावर घेतलं. रडणारं पोर मांडीवर घ्यायचं, "बघ, टोचून घेतलं नाहीस तर असं तोंड होईल," म्हणून आपला गाल पुढे करायचा. पोरं गप्प होत. हळूहळू देवी कमी झाल्या आणि तिच्या दारावरची थापही थांबली. एका दिवाळीत मी गेलो तर म्हणाली, "बरं झालं हो, लेकरं वाचली. आता मी आपली दारातल्या कण्हेरीशी बोलते." ती हसत होती. तिच्या एकटेपणाचं मला तेव्हा जेवढं वाईट वाटलं तेवढं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

यंदा आषाढातच एक हलका ताप धार-देवास दोन्ही गावांतून फिरून गेला होता. मलाही आला. अंग ठणकलं, डोकं दुखलं, आणि थोड्याच दिवसांत मी कचेरीत जाऊ लागलो. आश्विनात खरा काळ आला तेव्हा आमच्या घरात मीच तेवढा उभा होतो. इंदूरच्या एका डॉक्टरांनी मला याचा उलगडा करून सांगितला. त्यांचं म्हणणं असं, की एकदा येऊन गेलेल्या रोगाला रक्त ओळखून ठेवतं आणि तो किंवा त्याचा भाऊबंद परत आला तर दारातच अडवतं. मात्र ही ओळख ज्याची त्याचीच असते. देवीला ओळखणारं रक्त या तापाला ओळखत नाही. मी विचारलं, आषाढातला ताप सगळ्या आळीला आला, मग तो माझ्या बहिणीला का नाही आला? डॉक्टर म्हणाले, तो माणसांतून माणसांत जातो, त्यांच्याकडे माणसांची ये-जा कमी असेल… तिच्याकडे कुणीच येत नव्हतं, म्हणून तो तापही आला नाही.

नवरात्रात, आमच्या घरी कुणी आजारी पडण्याच्या आधी, मी देवासला एक फेरी मारली. तीच आमची शेवटची भेट. टेकडीवरच्या देवीच्या देवळाकडे जाणारी वाट ऐन नवरात्रात ओस होती. अक्काच्या दारात मात्र माणसं उभी होती. मानमोडीच्या घरांत शेजारी पाऊल टाकेनात, तेव्हा सगळ्यांना जुनी सवय आठवली होती. "अक्का, जल्दी चला, तुम्हाला तर काही होत नाही," असं एक गृहस्थ काकुळतीने सांगत होते. एका साथीतून वाचली ती सगळ्यांतून वाचेल, असा त्यांचा भाबडा हिशेब! ते गेल्यावर मी दार लोटलं.

"अक्का, ह्या देवी नव्हेत. तुझ्या शिक्क्याचा इथं उपयोग नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग जातेस कशाला?"

ती पदर खोचत होती. "अरे, किती वर्षांनी दारात माणसं आलीत, नाना. तुम्ही चुकलात, घरी जा, असं सांगू त्यांना?" मग म्हणाली, "आणि तिकडे लेकरं पाण्याविना पडलीत, ते वेगळंच." मी चिडलो, हात धरला, हट्ट केला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेली. त्या आठवड्यात ती दोन्ही पात्यांतल्या घरांतून हिंडली, पाणी पाजत, कपाळावर ओल्या घड्या ठेवत. मग स्वतः पडली. तिच्या दारावर तेव्हा कोणी थाप मारली की नाही, मला माहीत नाही.

दिवाळी झाल्यावर मी तिची खोली आवरायला गेलो. आळीतल्या बायका भेटल्या. "अहेव गेली हो, सोनं झालं," म्हणाल्या. जिला जन्मभर सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं नाही, तिच्या मरणात त्यांना सौभाग्य दिसलं. मी हात जोडले आणि भांडी गोळा करू लागलो. तेवढ्यात दारात एक तरुण मुलगी उभी राहिली, हातात कुंकवाची कोयरी. धाकट्या पातीतल्या एका कारकुनाची सून, उमा. तिच्या तान्ह्या मुलीला अक्काने तापातून काढलं होतं, आणि लगेच माहेरची माणसं या मायलेकींना खातेगावला घेऊन गेली होती. कालच परतली होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

"अक्का आहेत ना? उद्या आमच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायचं आमंत्रण द्यायला आले. नवस बोलले होते."

मला ते सांगावं लागलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. मग उठून तिने चौकटीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही तरी या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तिची सासू माजघरात धुसफुसत होती, शुभाच्या जेवणात गेलेल्या माणसाचं पान मांडतात का म्हणून. पान मांडलेलं होतं. पाटाभोवती रांगोळी, बाजूला तांब्या-भांडं, उदबत्ती, पुरणाची पोळी आणि वर तूप. उमा मुलीला कडेवर घेऊन पुढे आली, त्या रिकाम्या पाटापुढे वाकली आणि पाहुणीला म्हणतात तसं म्हणाली, "अक्का, सावकाश होऊ द्या."