टणकाकांचा कान

टणकाका म्हणजे गॅस वेल्डिंगचे जुने सिलिंडर पारखणारा माणूस. विकायला काढलेला सिलिंडर घ्यावा की नाही, घ्यावा तर केवढ्याला, हे त्यांनी सांगायचं आणि घेणाऱ्यानं-विकणाऱ्यानं मान डोलवायची. चाळीस वर्षं हेच. आधी सिलिंडरच्या मानेवरची कडी बघायची. तिच्यावर गॅस कंपनीचं नाव असलं तर माल भाड्याचा, विकणाऱ्याच्या बापाचा नव्हे, चालते व्हा! मग खांद्यावर ठोकलेलं तपासणीचं साल आणि वजन. शेवटी रिकाम्या सिलिंडरवर लाकडी हातोडी. टण्ण करून घुमला की आतून निरोगी, नाही घुमला तर आत गंज, गॅस भरल्यावर कधी फुटेल नेम नाही. हे नाव पडलं ते त्या आवाजावरूनच.

आणि या माणसाचे कान दोन वर्षांपासून काम देत नव्हते! सांगितलं का कुणाला? छे. बायकोलाही नाही. जणू तिला कळतच नव्हतं. दाराची बेल वाजून वाजून थकायची आणि हे गृहस्थ पेपर वाचत बसायचे. विचारलं की कशालाही "हो हो". त्या "हो हो"वर काकूंनी घराला दोनदा रंग लावून घेतला, पण कानांचा विषय काढला नाही. कानावर जगणाऱ्या माणसाला ते सांगायचं तरी कसं? "तुमचे गुडघे दुखतात, एकटे जाऊ नका" असं म्हणून त्या सोबत जायला लागल्या. नशिबानं आजवर काकांनी चांगला म्हटलेला प्रत्येक सिलिंडर खरंच चांगला वाजला होता.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या कारखान्यात तीन सिलिंडर होते. दोन काळे ऑक्सिजनचे, एक तांबडा ॲसिटिलीनचा. घेणारी होती लोखंडी फाटकं बनवणारी एक तरुण बाई. नवं दुकान, सगळा कारभार एकटीचा. पुढच्या तपासणीला अजून दोन वर्षं होती, म्हणजे काकांनी हो म्हटलं की ती थेट गॅस भरून आणणार.

पहिला काळा छान लांबवर घुमला. दुसऱ्यावर हातोडी पडली आणि आवाज जागच्या जागी बसला, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. काकांनी कान लावला, मान डोलावली.

"उत्तम! डोळे मिटून घे."

काकूंना मात्र फरक स्पष्ट ऐकू आला. वजन बरोबर भरलं होतं खरं, पण गंज आतच साठून राहिला तर काटाही फसतो, हे काकांनीच जेवताना शंभरदा ऐकवलेलं. आता करायचं काय? कुजबुजून उपयोग नाही. ओरडून सांगावं तर चाळीस वर्षांची अब्रू त्या पोरीसमोर जाणार. आणि गप्प बसावं तर तिच्या जिवाशी खेळ.

त्यांनी काकांचा तळहात धरून पहिल्या सिलिंडरवर टेकवला, हातोडी घेतली आणि ठोकलं. मग दुसऱ्यावर टेकवला, ठोकलं. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. पहिल्याची थरथर हाताखाली कितीतरी वेळ टिकत होती. दुसऱ्यात काहीच नाही.

काका हाताकडे बघत राहिले, मग बायकोकडे. हिला सगळं ठाऊक आहे, केव्हापासूनच, हे त्यांना कळलं. त्यांचा चेहरा इतका पडला की काकूंना भडभडून आलं.

"पोरी, दुसरा घेऊ नकोस," काका म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आज हिनं वाचवलं."

उरला तांबडा. काकूंना आता चांगलाच जोर चढला होता. त्यांनी स्वतःच ठोकला. थप्प! "हाही गेला कामातून!" असं म्हणून त्यांनी हात झटकले. ते बघून काकांना हसू आवरेना.

"अगं बाई, तो कधीच वाजत नाही! त्याचं पोट भुसभुशीत मसाल्यानं गच्च भरलेलं असतं, गॅस त्यातच मुरतो. त्याचं साल आणि वजन बघायचं. चांगला आहे तो."

तरुण बाई हसली आणि काहीतरी म्हणाली. काका मात्र आपलं काम आज संपलं असं धरून, खाली मान घालून हातोडी पिशवीत भरत होते. काकू त्यांच्या कानाशी वाकल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, काही न लपवता, अख्खा कारखाना दणाणेल अशा ओरडल्या,

"अहो, सोमवारी अजून चार बघायचेत! दोघांना बोलावलंय!"