माघारी फिरलेली बोट

२०२२ साल होतं आणि मी सदुसष्ट वर्षांचा होतो. नारळी पौर्णिमेला महिना होऊन गेला असेल. नरपडहून आमची बोट सकाळी बाहेर पडली, पाणी तेल ओतल्यासारखं शांत. जाळ्यांच्या जागेपर्यंत निम्मं अंतर गेलं असेल, तेवढ्यात छातीवर कोणी ओली जाळी रचावी तसा भार आला. कान भरले. बोटांना मुंग्या आल्या, जीभ टाळूला चिकटली. मागे वळून किनाऱ्यावरची सुरूची झाडं पाहिली, तर ती इतकी लांब वाटली की आता तिथे आपले पाय लागायचे नाहीत.

मी तांडेल. बोट कुठे न्यायची, कधी वळवायची, हे मी ठरवतो. बापाने मला शिकवलं होतं की वारा फिरायचा असला की आभाळात दिसायच्या आधी तो अंगात कळतो. छाती दाबते, कान भरतात. जन्मभर मी त्यावरच बोट चालवली आणि माणसं धडधाकट परत आणली. त्या दिवशीही तेच केलं. वादळ येतंय म्हणालो आणि बोट फिरवली. माझी फिरलेली पाहून आजूबाजूच्या बोटीही फिरल्या. आमच्याकडे रीतच तशी होती, माझी बोट वळली की कोणी कारण विचारत नसे.

वादळ आलं नाही. दुपारी दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते.

पुढच्या भांगाला, भरतीचा जोर उतरलेल्या दिवसांत, पुन्हा तसंच झालं. त्यानंतर आणखी एकदा. त्या खेपेला बाकीच्या बोटी थांबल्या नाहीत, पुढे गेल्या आणि बोंबलांनी भरून आल्या. माझी बायको मासळी विकते. संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली, "गिऱ्हाईक बोंबील मागतं. टोपलीत काय घालू, तुमचा वारा?" मी जेवणावरून उठलो.

टोमण्याचं काही नाही, ते मी पुष्कळ खाल्लेत. भीती वेगळीच होती. अंगच चुकीचं सांगायला लागलं तर खरं वादळ मला कळणार कसं? बोटीवर माझ्या भरवशावर माणसं असतात. मग तर इंजिनाचा आवाज ऐकला तरी हातातलं काम थांबायचं. अजून काही झालेलं नसायचं, होईल या धास्तीनेच हात गार पडायचे. कोणाला सांगितलं नाही. तांडेल घाबरला म्हटल्यावर त्याच्या बोटीवर कोण चढेल?

त्याच हिवाळ्यात बायकोबरोबर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. रांगेत उभा होतो. तिथे दर्या नाही, जाळी नाही, काही नाही. आणि तोच भार छातीवर आला. मी पायरीवर बसलो आणि बायकोचा पदर घट्ट धरला. मरतोय असंच वाटलं. तिने तिथूनच गाडी करून वापीच्या इस्पितळात नेलं. छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय चांगलं आहे, डॉक्टर म्हणाले. बायकोने देवीला हात जोडले, मला मात्र राग आला. हृदय चांगलं, मग मी काय सोंग केलं?

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर येतात असं बायकोने बाजारात ऐकलं. मी वेडा नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "वेडे नाही, हट्टी आहात. हट्टावर गोळी असली तर तीही मागून घेऊ."

डॉक्टर म्हणजे माझ्या नातीएवढी मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं, बोटीचंही. म्हणाली, "आजोबा, यात सोंग काही नाही. संकट नसताना तुमचं शरीर संकटाची हाक देतंय. ती हाक थोड्या वेळाने आपोआप उतरते. पण तुम्ही दरवेळी पळून येता, म्हणून शरीराला वाटतं, पळालो म्हणून वाचलो." अशी पुष्कळ माणसं तिच्याकडे येतात, तरणीताठीसुद्धा, असंही म्हणाली. रोजची गोळी दिली. श्वास लांब सोडायला शिकवलं. वारा कुठला आणि छाती कुठली हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं. पाण्यातलं मला कळत नाही, म्हणाली, पण आत बघून ठरवू नका, बाहेर बघा, आणि बरोबरच्या माणसाला विचारा.

हे शेवटचं मला गोळीपेक्षा कडू लागलं.

काही महिने मी दवाखान्यात जात राहिलो. बोट झरी गावचा माझा जुना खलाशी नेत होता. भार कमी झाला, गेला नाही. समुद्रावर जायचं म्हटलं की अजून घाम फुटायचा. पण वाळूवर बसून दुसऱ्याच्या हातातली आपली बोट बघणं त्याहून वाईट.

एका संध्याकाळी तो जाळं सांधत होता, तिथे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. मान वर न करता तो म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं, तांडेल. तुमचे हात दिसतात ना आम्हाला. पण बोलणार कोण? तुम्ही पाण्यात फेकून दिलं असतं."

"अजून फेकीन," मी म्हणालो. "उद्या येतोय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुकाणूवर बसलो. किनारा लांब पडला आणि छाती दाबली. कान भरले. माघारी फिरा, हे शब्द तोंडात आले होते. मी पाणी पाहिलं, आभाळ पाहिलं, दोन्ही स्वच्छ होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला भीती वाटतेय. हे वाऱ्याचं नाही, माझं आहे." कोणी हसलं नाही. झरीवाल्याने पुढे वाकून पाणी पाहिलं आणि सगळं ठीक अशी मान डोलावली. सुकाणू मी त्याच्या हातात दिलं नाही, पण थरथर थांबेना म्हणून त्याला माझ्या शेजारी बसवलं, एक हात त्याचाही लावून घेतला, आणि बोट पुढे नेली.