पंपावरचा आकडा

माझ्या नवऱ्याला साखरेचा आजार नव्हता. पन्नाशी ओलांडली तरी एक गोळी चालू नव्हती. रोज सकाळी गोठ्यात उभ्याउभ्या तांब्याभर धारोष्ण दूध पिणारा माणूस. न्यूमोनियाचं निमित्त झालं, विष रक्तात भिनलं, आणि आम्ही त्यांना कागलहून कोल्हापूरला हलवलं ते थेट व्हेंटिलेटरवर. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, इन्सुलिन लावलंय.

माझे दीर तिथंच उखडले. "इन्सुलिन? एकदा लागलं की जन्मभर सुटत न्हाय ते! वैनी, सही करू नका."

"भावजी, जन्मभराचं मागनं बघू. आधी जन्म राहू दे," मी म्हणाले. सही कुणी मागितलीच नव्हती.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण स्वच्छ बोलणारी होती. म्हणाली, "एवढ्या मोठ्या आजारात शरीर स्वतःच साखर सोडत राहतं आणि इन्सुलिनला दाद देत नाही. ज्यांना डायबेटिस नाही त्यांनाही हे होतं. इन्सुलिन जितकं जास्त लागेल, तितकी तब्येत जास्त बिघडली असं साधारण समजा."

"म्हणजे डोस उतरला की सुधारणा?"

"बऱ्याचदा. पण त्या एका आकड्यावर जाऊ नका, ताई."

पहिला शब्द तेवढा मी धरला.

आत एकालाच सोडत. मी बघून यायचे, आणि खाली पायऱ्यांवर बसलेले पाहुणे विचारायचे, साखर किती? दीडशे म्हटलं की दीर लगेच गावाकडं फोन लावायचे, "आली की आटोक्यात!"

मी गावच्या दूध संस्थेत दूध मोजून घेते. फॅट चांगली लागली म्हणून दूध चांगलं, असं मी कधी म्हणत नाही. पाणी घातलेलं दुसऱ्या, लॅक्टोमीटरच्या आकड्यात कळतं. म्हणून मी साखर विचारायचे आणि खाटेजवळच्या इन्सुलिनच्या पंपाकडं बघायचे. साखर दीडशेच, पण ती तिथं धरून ठेवायला इन्सुलिन रोज वाढत होतं. हे मी खाली सांगितलं नाही. जेवढे पाहुणे, तेवढे सल्ले आले असते.

मग एका दुपारी पंपावरचा आकडा कमी दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. तिसऱ्या दिवशी पंप बंद. मी सिस्टरला काही विचारलं नाही. जिना उतरून आले आणि पहिल्यांदाच आपण होऊन सांगितलं, "इन्सुलिन बंद केलं."

"सुटलं की! मी म्हणत न्हवतो?" दीर चप्पल घालून निघालेच. संध्याकाळी परत आले ते दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून देतात, तिथनं घेतलेलं दूध थर्मासमध्ये भरून. "नळीतनंच जातंय न्हवं सगळं? मग हे बी जाऊ दे. अंगात ताकद यील."

थर्मास त्यांच्याच हातात ठेवून मी वर गेले. डॉक्टरीणबाई माझीच वाट बघत होती.

"ताई, साखर आता खाली जातेय, म्हणून इन्सुलिन थांबवलं. लिव्हरनं काम सोडलंय. साखर आम्ही सलाइनमधनं देतोय, तरी टिकत नाही."

"म्हणजे ही सुधारणा नव्हे."

"नव्हे."

मी आत जाऊन त्यांचे पाय बघितले. गार होते. अंगावरची चादर पायांवर ओढली आणि खाली आले.

दिरांना बाजूला घेऊन सांगितलं, की साखर कमी होतेय, शरीर आता ती बनवतच नाही. ते थर्मासकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मग दुधात साखर घालून देऊया की, वैनी."

एरवी मी हसले असते.

"भावजी, ते तुम्ही प्या. सकाळपास्नं तुमच्या पोटात काही नाही, आणि उद्या सगळं तुम्हालाच करायचंय."

उद्या म्हटल्यावर त्यांना कळलं. पायरीवर बसले आणि टॉवेल तोंडावर धरला. थर्मास तसाच पायरीवर राहिला. नासून जाईल म्हणून मी प्याले. अजून कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आटोपलं. संध्याकाळी गोठ्यात धारा मीच काढल्या.